संगणक शंका-समाधान : फ्रीबीएसडी

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी (पुढे तिला 'प्रणाली' म्हटले आहे) गोव्यातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमी अक्षरांत आणि लहान लिपीत लिहायच्या. मोठी लिपी लागते तिथे तसे सांगितले आहे.

अभ्यासक्रमात युनिक्स आहे आणि प्रयोगशाळेत लिनक्स. फ्रीबीएसडी हे 'खरे युनिक्स' असे सीनियर सांगतात. मग त्याला युनिक्स का म्हणत नाहीत?
*विद्यार्थिनी, फर्मागुडी*

कारण घराणे युनिक्सचे असले तरी नाव लावायची परवानगी नाही. 'युनिक्स' ही आज द ओपन ग्रुप या संस्थेची व्यापारमुद्रा आहे. चाचण्या पार करून प्रमाणपत्र घेतले की कोणीही ते नाव लावू शकते; ॲपलच्या मॅकओएसने ते घेतले आहे. फ्रीबीएसडीने घेतलेले नाही.

घराण्याची गोष्ट अशी. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-7 या मशीनवर युनिक्सची सुरुवात केली. 1973 मध्ये ते सी भाषेत पुन्हा लिहिले गेले. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी. 1956 च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून विद्यापीठांना युनिक्स मूळ संहितेसकट स्वस्तात मिळे. 1975-76 मध्ये थॉम्पसन बर्कलीला शिकवायला गेले. तिथल्या बिल जॉय या विद्यार्थ्याने 1978 मध्ये 'बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन', म्हणजे बीएसडी, वाटायला सुरुवात केली. 1983 च्या 4.2बीएसडीत टीसीपी/आयपी आणि वेगवान फाइल सिस्टिम आली. आजच्या इंटरनेटचे पुष्कळसे काम ज्या सॉकेट पद्धतीवर चालते, ती इथली.

एटी अँड टीच्या परवान्याचे दर चढत गेले, तसे बर्कलीकरांनी तिच्या संहितेच्या ओळी एकेक करून काढून टाकल्या. 1991 च्या 'नेट/2' आवृत्तीत जवळजवळ अख्खी प्रणाली मोकळी झाली होती. गाळावा लागला तो फक्त सहा फाइलींचा ऐवज. बिल आणि लिन जॉलिट्झ यांनी ती भोके बुजवली आणि 1992 मध्ये साध्या पीसीवर चालणारे 386बीएसडी दिले. त्याच्यावर ठिगळे (पॅच, म्हणजे दुरुस्त्या) जमवणाऱ्या मंडळींतून 1993 मध्ये फ्रीबीएसडी उभे राहिले. नेटबीएसडीही त्याच वर्षीचे.

मग कोर्ट आडवे आले. एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने 1992 मध्ये बीएसडीची व्यापारी आवृत्ती विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि बर्कली विद्यापीठही त्यात ओढले गेले. 1994 च्या सुरुवातीला तडजोड झाली, तेव्हा सुमारे 18,000 फाइलींपैकी काढाव्या लागल्या तीन, आणि सत्तरेक फाइलींवर हक्कसूचना चढली. एवढ्यासाठी दोन वर्षे गेली. या काळात बीएसडीच्या डोक्यावर टांगती तलवार होती आणि 1991 मध्ये जन्मलेल्या लिनक्सला मैदान मोकळे मिळाले. लिनस टोर्वाल्ड्स यांनीच नंतर म्हटले आहे की 386बीएसडी वेळेवर हाती असते, तर लिनक्स बहुधा लिहिलेच नसते. फ्रीबीएसडीने तडजोडीनंतरच्या स्वच्छ 4.4बीएसडी-लाइटवर पुन्हा बांधणी करून नोव्हेंबर 1994 मध्ये 2.0 आवृत्ती काढली.

परीक्षेत फरक विचारला तर वंशावळीपेक्षा हे लिहा: लिनक्स हे कर्नेलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, नाव आहे. त्याच्याभोवतीची लायब्ररी, आज्ञा आणि पॅकेज व्यवस्था प्रत्येक वितरक आपापल्या पसंतीने जमवतो. फ्रीबीएसडीत कर्नेल, सी लायब्ररी, रोजच्या आज्ञा, कंपायलर, फायरवॉल आणि त्यांची मॅन्युअल पाने हे सगळे एकाच संहितावृक्षात सांभाळले जाते आणि एकाच क्रमांकाने बाहेर पडते. याला 'बेस' म्हणतात. बाहेरचे सॉफ्टवेअर पॅकेज म्हणून येते आणि 'यूएसआर/लोकल' या फोल्डरखालीच राहते. सगळी पॅकेजे उडवली तरी मशीन चालू होते, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून शिरण्याची सोय) चालते, व्हीआय हा मजकूर-संपादक उघडतो. पुढची काही पत्रे या एका हद्दीपाशीच अडलेली आहेत.

वाचनालयात जुन्या नियतकालिकांचे स्कॅन साठवायचे आहेत. जुना संगणक आहे, 8 जीबी रॅम आणि 2 टीबीच्या दोन डिस्क. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. यूएफएस घ्यावे की झेडएफएस?
*ग्रंथपाल, म्हापसा*

या दोन्ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती. घ्या झेडएफएस, दोन्ही डिस्क 'मिरर' करून, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर राहील. यूएफएस वाईट नाही. वीज गेल्यावर त्याचे जर्नल (बदलांची नोंदवही) काही सेकंदांत रचना सावरते. पण ते रचना सावरते, आतला मजकूर शाबूत आहे का ते बघत नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम (पडताळणीची बेरीज) ठेवते आणि जुन्या ब्लॉकवर कधीच लिहीत नाही: आधी नवीन जागी लिहिते, मग निर्देश बदलते. त्यामुळे माडाची झावळी तारेवर पडून ऐन लिहिताना वीज गेली, तरी डिस्कवर आधीची सुसंगत स्थिती असते. शेवटच्या काही सेकंदांचे काम जाईल, एवढेच. आणि एका डिस्कवर स्कॅन कुजला तर दुसरीवरची प्रत पाहून तो आपोआप दुरुस्त होतो.

8 जीबी रॅम पुरते. झेडएफएस मोकळी रॅम कॅशसाठी वापरते आणि मागितली की सोडते, म्हणून 'मेमरी भरली' असे दिसल्यावर घाबरू नका. डीडुप्लिकेशन (सारखे ब्लॉक एकदाच साठवणे) मात्र सुरू करू नका. त्याचे कोष्टक रॅम खाते आणि स्कॅनच्या फाइलींत बचत जवळपास शून्य. एलझेड4 कॉम्प्रेशन सुरूच असते, ते राहू द्या. जागा मिळेल एका डिस्कएवढीच. छापील 2 टीबी प्रणालीच्या मोजणीत सुमारे 1.8 दिसतात.

स्थापना करताना एएमडी64 ची 'मेमस्टिक' इमेज उतरवा (इंटेलच्या 64-बिट प्रोसेसरलाही हीच), एसएचए-256 बेरीज जुळवा आणि पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी न करता इमेज म्हणून लिहा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर पेन ड्राइव्हवरून सुरूच होणार नाही. इन्स्टॉलरमध्ये 'ऑटो झेडएफएस' निवडून पूल टाइपवर जा (पूल म्हणजे डिस्कांचा एकत्र साठा) आणि 'मिरर' घेऊन दोन्ही डिस्कवर खूण करा. इथे 'स्ट्राइप' राहून जातो. मग जागा दुप्पट दिसते आणि एक डिस्क गेली की सगळे जाते. वेळेसाठी आशिया, मग भारत. सेवांमध्ये एसएसएचडी आणि एनटीपीडी. वापरकर्ता तयार करताना 'आणखी कोणत्या गटात?' असे विचारेल तिथे 'व्हील' (प्रशासकांचा गट) लिहा. ते राहिले तर नंतर प्रशासक होण्याच्या 'एसयू' आज्ञेला प्रणाली नुसते 'सॉरी' म्हणते आणि लोक पासवर्ड चुकला समजून तासभर घालवतात.

पीरियॉडिक.कॉन्फ फाइलीत 'डेली_स्क्रब_झेडएफएस_एनेबल' ला 'येस' द्या. नाव डेली असले तरी स्क्रब रोज होत नाही, मागच्यानंतर 35 दिवसांनी होतो. तो सगळा मजकूर वाचून चेकसम तपासतो. 'झेडपूल स्टेटस' मध्ये चेकसमच्या रकान्यात आकडा दिसला तर आधी साटा केबल बदलून पाहा. दमट हवेत कनेक्टर गंजतात आणि दोष डिस्कच्या माथी येतो. पूल 80 टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, लेखन मंदावते. फाइली पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर जुने स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) त्यांना धरून बसलेले असतात. 'झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट' ने ते दिसतात.

एक डिस्क बिघडून नवी बसवताना बहुतेक जण एक पायरी विसरतात. नव्या डिस्कवर झेडएफएसचा भाग जोडला की मिरर पूर्ण दिसतो, पण बूटचा भाग रिकामाच राहतो. वर्षभराने पहिली डिस्क गेली की मशीन सुरूच होत नाही. म्हणून क्रम असा: 'जीपार्ट बॅकअप एडीए0' चे उत्तर पाइपने 'जीपार्ट रिस्टोर एडीए1' ला द्या (इथे एडीए0 चांगली डिस्क, एडीए1 नवी), म्हणजे विभागणी जुळते. मग यूईएफआयचा छोटा विभाग 'डीडी' ने उतरवून घ्या. 'आयएफ' म्हणजे कुठून, 'ओएफ' म्हणजे कुठे. उलटे झाले तर चांगल्या डिस्कवरचा बूटचा भाग पुसला जातो. शेवटी 'झेडपूल रिप्लेस'. विभागांचे क्रमांक 'जीपार्ट शो' मध्ये पाहून घ्या. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर मजकूर उतरणे) संपल्यावर मशीन बंद करा, पहिल्या डिस्कची केबल काढा आणि सुरू होते का ते पाहा. ही चाचणी केल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

विजेचे. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर पालट होईपर्यंत संगणक रीस्टार्ट होतो; मागचे बटण 'यूपीएस' मोडवर करा. स्वतंत्र यूपीएस घेणार असाल तर यूएसबी पोर्ट असलेला घ्या. स्वस्त यूपीएसला तो नसतो, मग बॅटरी संपत आल्याचे मशीनला कळतच नाही. पोर्ट असेल तर 'नट' पॅकेज घालून प्रणाली वेळेत नीट बंद करवता येते. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडा.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. वीज कोसळली तर दोन्ही डिस्क एकदम जातात. महिन्यातून एकदा स्नॅपशॉट काढून 'झेडएफएस सेंड' ने बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पाठवा, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा.

झेडएफएस असलेल्या फ्रीबीएसडी सर्व्हरवर मराठी नावांच्या फाइली ठेवतो. 'किनाऱ्यावर' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये दिसतात! शिवाय काळ्या पडद्यावर जोडाक्षरे तुटतात.
*प्रकाशन साहाय्यक, मडगाव*

दोन्ही तक्रारींची मुळे वेगळी.

कन्सोलचा काळा पडदा एका चौकटीत एक चिन्ह छापतो; जोडाक्षर घडवण्याची सोय त्याच्यात नाही. फाइलीचे नाव डिस्कवर बरोबरच असते. ते वाचायला दुसऱ्या संगणकावरच्या, देवनागरी नीट दाखवणाऱ्या टर्मिनलमधून एसएसएचने शिरा.

दोन 'किनाऱ्यावर' होण्याचे कारण 'ऱ'. युनिकोडमध्ये हे अक्षर एका संकेतानेही लिहिता येते (0931) आणि र अधिक नुक्ता अशा दोन संकेतांनीही (0930 आणि 093सी). दिसायला एकच, पण प्रणालीला बाइट वेगळे म्हणून नाव वेगळे. झेडएफएसमध्ये 'नॉर्मलायझेशन' हा गुण लावला की नावांची तुलना करताना ही दोन्ही रूपे एक धरली जातात. अट अशी की तो डेटासेट (पुलातला स्वतंत्र कप्पा) बनवतानाच द्यावा लागतो: 'झेडएफएस क्रिएट -ओ नॉर्मलायझेशन=फॉर्मडी', यातला शेवटचा डी मोठ्या लिपीत, आणि पुढे डेटासेटचे नाव. आधीच्या डेटासेटला नंतर लावता येत नाही, म्हणून नवा बनवून फाइली तिकडे हलवा. हलवण्याआधी जुळ्या फाइली शोधून त्यांतली एक दुसऱ्या नावाने ठेवा, कारण नव्या जागी दुसरी फाइल पहिलीवर चढू शकते.

एवढे करूनही एक रूप निसटते. काही कळफलक 'ऱ्या' साठी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (200डी) असा क्रम टाकतात. युनिकोडच्या नियमांत हे रूप वरच्या दोघांशी सममूल्य नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन त्याला हात लावत नाही. तिथे सरळ उपाय एकच: कचेरीत सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा.

'पीकेजी अपग्रेड' नेमाने चालवत आलो, तरी प्रणाली 14.0 च दाखवते. मध्ये एकदा 'मिसमॅच' विषयी काही विचारले, मी 'वाय' दाबले. आता निम्मे प्रोग्राम 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणून बंद पडतात.
*शिक्षक, डिचोली*

बेस आणि पॅकेज यांची हद्द म्हणतो ती हीच. 'पीकेजी' फक्त पॅकेजे बदलते. बेसला 'फ्रीबीएसडी-अपडेट' लागते. एखादी उपआवृत्ती, जशी 14.0, पुढची आल्यावर आणखी तीन महिनेच सांभाळली जाते. त्यानंतर पॅकेजे नव्या बेसवर बांधली जातात आणि जुन्या सी लायब्ररीत नसलेली फंक्शने मागू लागतात. 'मिसमॅच' चा प्रश्न हाच इशारा होता. त्याला उत्तर नेहमी 'एन', आणि मग आधी बेस वर न्यायचा.

दुरुस्तीही तीच. कक्ष रिकामा असेल अशा वेळी, चवथीच्या सुट्टीत म्हणा, हातात घ्या.

आधी 'फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू'. तीन ओळी येतात: डिस्कवरचा कर्नेल, चालू असलेला कर्नेल आणि यूजरलँड (कर्नेल सोडून बाकीचा बेस). यूजरलँडचा '-पी' आकडा कर्नेलपेक्षा मोठा असला तर बिघाड समजू नका. त्या पॅचने कर्नेलला हात लावलेला नसतो. मग झेडएफएस असल्यास 'बेक्टल क्रिएट' आणि एक नाव, उदाहरणार्थ 'जुने'. सध्याच्या प्रणालीची ही परतवाट, म्हणजे 'बूट एन्व्हायर्नमेंट'. क्षणात होते आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही.

आता 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच', मग 'इन्स्टॉल'. मग 'फ्रीबीएसडी-अपडेट -आर 14.3-रिलीज अपग्रेड', रिलीज हा शब्द मोठ्या लिपीत, 14.3 हे उदाहरण, तेव्हा चालू असलेली उपआवृत्ती घाला. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या तुम्ही बदललेल्या फाइली तो जुळवून दाखवतो. जिथे जुळवता येत नाही, तिथे 'लहान' चिन्हांच्या रांगा घालून दोन्ही मजकूर ठेवतो. न वाचता जतन केले तर त्या रांगा फाइलीत तशाच राहतात आणि रीबूटनंतर एसएसएच सुरू होत नाही.

मग 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल' आणि रीबूट. यात फक्त कर्नेल बदलला. तीच आज्ञा पुन्हा चालवल्यावर यूजरलँड बदलतो. ही दुसरी फेरी विसरण्याचे प्रमाण फार आहे. 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' मध्ये यूजरलँडची ओळ मागेच राहिलेली दिसली की समजा. त्यानंतर 'पीकेजी अपग्रेड'. पीकेजी स्वतःच मोडले असेल तर 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ': हा प्रोग्राम बाहेरच्या कोणत्याच लायब्ररीवर विसंबत नाही, आणि '-एफ' मुळे सगळी पॅकेजे नव्याने बसतात. मालिका ओलांडताना, म्हणजे 14 वरून 15 वर जाताना, पॅकेजांनंतर 'इन्स्टॉल' तिसऱ्यांदा. तेव्हा जुन्या लायब्ररी निघतात.

रीबूटनंतर स्क्रीन काळी झाली तर मशीन मेले असे समजू नका. ग्राफिक्सचे मॉड्यूल हे पॅकेज आहे आणि ते कर्नेलच्या नेमक्या उपआवृत्तीला चिकटलेले असते. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने शिरून आरसी.कॉन्फमधली 'केएलडी_लिस्ट' ओळ तात्पुरती बंद करा आणि ते मॉड्यूल पुन्हा बसवा. शिरताच आले नाही तर बूट मेनूत बूट एन्व्हायर्नमेंटचा पर्याय घेऊन 'जुने' निवडा.

'झेडपूल अपग्रेड' करण्याची सूचना दिसेल. सध्या सोडून द्या. ते उलटवता येत नाही, आणि बूट लोडर जुनाच असेल तर त्याला पूल वाचता येईनासा होतो. 'जुने' ही परतवाटही त्याच कारणाने बंद होऊ शकते.

15.0 पासून इन्स्टॉलर बेससुद्धा पॅकेज म्हणून घालण्याचा पर्याय देतो. तो निवडला असेल तर 'फ्रीबीएसडी-अपडेट' वापरायचे नाही, बेसही पीकेजीनेच सांभाळायचा. कोणता प्रकार आहे हे विसरला असाल तर 'पीकेजी इन्फो' मध्ये 'फ्रीबीएसडी-' ने सुरू होणारी पुष्कळ नावे दिसतात का ते पाहा.

लॅपटॉपवर वायफाय दिसत नाही.
*वाचक, वास्को*

आधी 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' मध्ये चिप कोणती ते पाहा. इंटेलची असेल तर बहुधा चालेल, पण फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) उतरवायला नेट लागते आणि नेटसाठी फर्मवेअर. कोंडी फोडायला अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, 'केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस' आणि मग 'डीएचक्लायंट यूई0'. नेट आले की 'एफडब्ल्यूगेट' लागणारे फर्मवेअर स्वतः शोधते. चिप चालतच नसेल तर छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घेणे शहाणपणाचे. ड्रायव्हरशी झगडत बसू नका.

आमच्या उपकरणात फ्रीबीएसडी घालून विकायचे आहे. संहिता उघड करावी लागेल का? आणि जेल म्हणजे डॉकरच ना?
*लघुउद्योजक, वेर्णा*

उघड करावी लागत नाही. बीएसडी परवान्याच्या अटी मोजक्या: हक्कसूचना आणि जबाबदारी नाकारणारा मजकूर सोबत द्यायचा. जाहिरातीतही बर्कलीचे नाव घ्या ही जुनी अट विद्यापीठाने 1999 मध्ये काढून टाकली. सोनीच्या प्लेस्टेशन 4 ची प्रणाली फ्रीबीएसडीवर बेतलेली आहे आणि नेटफ्लिक्सचे चित्रफिती वाटणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात, ते याच मुभेमुळे. पण परवाना बेसचा; वर घातलेल्या प्रत्येक पॅकेजचा वेगळा असतो. 'पीकेजी क्वेरी' ने यादी काढून त्यांत जीपीएल (संहिता उघड करायला लावणारा परवाना) किती ते वकिलाकडे जाण्याआधी पाहून ठेवा.

जेल मार्च 2000 मध्ये, 4.0 आवृत्तीत आले; डॉकर, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम बंदिस्त डब्यांत चालवण्याची सोय, 2013 चे. जेल म्हणजे त्याच कर्नेलवर चालणारी, स्वतःचे फाइलवृक्ष आणि पत्ता असलेली बंदिस्त प्रणाली. डॉकरसारखी तयार इमेजांची बाजारपेठ त्याच्याभोवती तेवढी वाढली नाही, त्यामुळे हाताने थोडे अधिक करावे लागते: वेगळा डेटासेट, त्यात 'बेस.टीएक्सझेड' उलगडायची, जेल.कॉन्फमध्ये नोंद, आणि 'सिसआरसी जेल_एनेबल=येस' (यातले येस मोठ्या लिपीत). दोन खड्डे मात्र ठरलेले. जेलमधला यूजरलँड यजमानाच्या (जेल ज्या मशीनवर चालते त्याच्या) कर्नेलपेक्षा नवा असू नये, म्हणून आधी यजमान वर न्या, मग जेल. आणि जेलमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस सुरू होत नसेल तर शेअर्ड मेमरीची परवानगी राहिलेली असते: जेल.कॉन्फमध्ये 'सिसव्हीएसएचएम=न्यू' लिहून जेल पुन्हा सुरू करा. विंडोज चालवायचे असेल तर जेलचा उपयोग नाही, त्यासाठी बेसमध्ये 'बीहाइव्ह' (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) आहे.